मिरजेतली मॅनोमेट्री आणि बायोफीडबॅक: जुन्या बद्धकोष्ठासाठी घेतलेल्या सेवेबद्दल

मिरजेतल्या एका खासगी पोटविकार केंद्रात मी अ‍ॅनोरेक्टल मॅनोमेट्री करून घेतली आणि पुढं तिथंच बायोफीडबॅकही, म्हणजे संगणकावर आपलाच दाब बघत स्नायू सैल सोडायला शिकणं, पूर्ण केलं. मॅनोमेट्री म्हणजे दाब मोजणं. गुदाशयात बारीक नळी ठेवतात आणि तिथले स्नायू एरवी किती आवळलेले असतात, मुद्दाम आवळल्यावर किती जोर धरतात, शौचाच्या वेळी सैल पडतात की नाही, हे सगळं आकड्यांत आणि रंगांत समोर येतं. सेवा चांगली आहे. तपासणी करणारी मुलगी फारच चांगली आहे. जागा आणि खासगीपणा या बाबतीत मात्र बरंच सुधारायला हवं. आणि माझं ठाम मत झालंय की ज्यांचं पोट वर्षानुवर्षं साफ होत नाही, त्यांनी चूर्णाचा पुढचा डबा आणण्याआधी हे मोजून घ्यावं. केंद्राचं नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत आणि त्या मी त्यांना समोरासमोर सांगितल्यात.

या विषयावर बायका बोलत नाहीत, म्हणून मी काही राखून ठेवणार नाही.

मी सांगलीत कापड पेठेत साडीच्या दुकानात कामाला आहे. लग्नसराईत बस्ता बांधायला एकेका घरची दहा-पंधरा माणसं येतात. नवरीच्या, करवलीच्या, मानपानाच्या, आहेराच्या साड्या निघता निघता गादीवर ढीग होतो, आणि गिऱ्हाईक रंगात आलेलं असताना मधूनच उठून जाता येत नाही. आधी मी ज्या दुकानात होते तिथं बायकांसाठी संडास नव्हता. मागच्या गल्लीत ओळखीच्या एका घरी जावं लागायचं, आणि रोज कुणाच्या दारात किती जायचं? त्यामुळं सकाळी झाली तर झाली, नाहीतर रात्री घरी आल्यावर. मधे कळ आली तर दाबायची आणि पाणी कमी प्यायचं. माझ्याबरोबरच्या सगळ्याजणी हेच करायच्या. आजही कितीतरी दुकानांत, बांधकामांवर आणि ऊसतोडीच्या फडात बायका हेच करतायत.

कळ दाबत राहिलं की हळूहळू ती यायचीच कमी होते. मग इसबगोल झालं, त्रिफळा झालं, एरंडेल झालं, शेवटी सोनामुखीचं चूर्ण. सोनामुखीनं पोट ढवळून निघतं, मुरडा येतो, एकदा मोकळं वाटतं आणि परत पहिले पाढे पंचावन्न. सांगलीतल्याच एका डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीनं मोठ्या आतड्याची तपासणी, केली. तीत गाठ नाही, व्रण नाही, सूज नाही. फक्त आतड्याच्या अस्तराला काळपट छटा आलेली होती. सोनामुखीसारखी औषधं बरीच वर्षं घेतली की ती येते, घाबरण्यासारखं त्यात काही नसतं. निष्कर्ष निघाला, ‘तुमचं आतडं सुस्त आहे,’ आणि औषधाचा डोस वाढला. सुस्त आहे हे कशावरून ठरवलं, असं मी विचारलं. ‘लक्षणांवरून,’ एवढंच उत्तर आलं.

कोलोनोस्कोपीत आतड्याची भिंत दिसते. पण आतडं रिकामं करून, माणसाला गुंगी देऊन, आत हवा भरून ती बघितलेली असते. तेच आतडं भाकरी खाल्ल्यावर कसं हलतं, हे त्यात दिसत नाही. हा फरक मला मिरजेत पहिल्यांदा कुणीतरी बसून समजावून सांगितला. एवढं लांबलचक लिहायला बसलेय ते त्यासाठीच.

मिरजेच्या डॉक्टरांनी ‘किती दिवसांनी होते?’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारला. आधीचे प्रश्न वेगळेच होते. कळ येते का? बसल्यावर किती वेळ जातो? अगदी दाराशी येऊन अडल्यासारखं वाटतं का? झाल्यावरही आत उरलंय असं वाटतं का? बोट घालून काढावं लागतं का? हा प्रश्न आला तेव्हा मी खाली बघितलं. हो म्हणायला वेळ लागला. ते म्हणाले, “ताई, हे विचारलं नाही तर अर्धा आजार कळतच नाही. पुष्कळ बायका हेच करतात, सांगत कुणी नाही.” मग नर्सला बोलावून, पडदा ओढून त्यांनी बोटानं तपासलं आणि शौचाला बसल्यावर करते तसा जोर करायला सांगितलं. शंका त्यांना तिथंच आली होती. एवढ्या वर्षांत जोर करायला सांगून कुणीही तपासलं नव्हतं, आणि त्याला ना यंत्र लागतं ना पैसे.

मग कॅप्सूल. एक्स-रेत दिसतील अशा २४ बारीक कड्या तिच्यात भरलेल्या असतात. गिळायची, नेहमीसारखं जेवायचं, जुलाबाचं काहीही घ्यायचं नाही आणि पाचव्या दिवशी पोटाचा एक्स-रे काढायचा. तोवर बहुतेक कड्या बाहेर पडलेल्या असायला हव्यात. ५ पेक्षा जास्त उरल्या तर काहीतरी बिघडलंय असं धरतात. मला मात्र किती उरल्या यापेक्षा कुठं उरल्या हे जास्त बोलकं वाटलं. पोटभर विखुरलेल्या असतील तर मोठं आतडंच सावकाश चालतंय. खाली गुदाशयाजवळ साठल्या असतील तर शेवटच्या टप्प्यावर अडतंय. माझ्या फोटोत उजवीकडं काही नाही, आडव्या आतड्यात काही नाही, डावीकडं एखाददुसरी आणि ओटीपोटात खाली कड्यांचा पुंजका. इतकी वर्षं जे सुस्त सुस्त म्हणत होते, ते आतडं आपलं काम करत होतं.

मग ते करतं तरी काय, असं मी डॉक्टरांना विचारलं. बाहेर पेशंट ताटकळलेले असताना त्यांनी केसपेपरच्या मागं चित्र काढून सांगितलं, याचे मी त्यांना जास्तीचे गुण देते. मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब. आपल्याला वाटतं ते दिवसभर खाली ढकलत असतं. खरं तर बहुतेक वेळ ते आतलं घोळवत असतं, पाणी शोषत असतं आणि थोडं मागंही नेत असतं. मागं नेतं हे काही आजचं ज्ञान नाही. अमेरिकेत वॉल्टर कॅनन यांनी १९०२ मध्येच मांजरांच्या आतड्यात एक्स-रेनं अशा उलट्या लाटा पाहिल्या होत्या.

खरं पुढं नेण्याचं काम मोजक्या मोठ्या लाटा करतात. त्या दिवसातून सहाएक वेळा येतात. दाब बहुतेकदा १०० मिलिमीटर पाऱ्याच्या वर जातो, आणि एकच लाट आतडं आवळत आवळत लांबवर आतला मळ सरकवत नेते. झोपेत त्या जवळपास बंद असतात. जाग आली की येतात, जेवलं की येतात. म्हणून सकाळी उठून, काहीतरी खाऊन, मग बसायचं असं त्यांनी सांगितलं. दुकानाची घाई असली तरी न्याहारी चुकवायची नाही, कारण ती मोठी लाट उठवायला न्याहारीच लागते.

माझी मुलगी नर्सिंगला आहे. ती घरी हे सगळं शोधत बसली आणि रात्री भांडी झाल्यावर मला वाचून दाखवायची. पूर्ण मोठ्या आतड्याचा दाब मोजायची तपासणी वेगळी आहे, तिला कोलोनिक मॅनोमेट्री म्हणतात. आतडं धुऊन साफ करतात, कोलोनोस्कोपनं लांब नळी आत नेतात, तिचं टोक अस्तराला क्लिपनं अडकवतात आणि गुंगी उतरल्यावर तासन् तास दाब नोंदवत राहतात. मधे चांगलं भरपेट जेवण देतात, आणि त्यानंतर आतड्यात काय बदललं ते बघतात.

ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडच्या फ्लिंडर्स विद्यापीठात फिल डिनिंग आणि जॉन आर्कराइट यांच्या गटानं यासाठी प्रकाशतंतूंची नळी वापरली. तिच्यावर दर सेंटीमीटरला एक, असे ७२ सेन्सर. आधीच्या नळ्यांवर सेन्सर लांब लांब असायचे. त्यामुळं मधल्या छोट्या लाटा निसटायच्या, आणि लाट खाली जातेय की वर येतेय हेही चुकीचं वाचलं जायचं. याच गटानं २०१३ मध्ये ते दाखवून दिलं.

२०१४ मध्ये त्यांनी निरोगी माणसांच्या नोंदी मांडल्या. सगळ्यात जास्त आढळल्या त्या मिनिटाला २ ते ६ या तालातल्या छोट्या लाटा, आतड्याच्या खालच्या भागात, आणि त्यातल्या बहुतेक उलट्या दिशेनं जाणाऱ्या. जेवणानंतर त्या कमी होत नाहीत, वाढतात. म्हणजे वरून मोठी लाट माल घेऊन येणार असते तेव्हा खालचा भाग धरून ठेवायचं काम करतो, गुदाशय भलत्या वेळी भरू देत नाही. ज्यांचं आतडं खरोखर सावकाश चालतं, त्यांच्यात जेवणानंतरची ही वाढच दिसली नाही, असं पुढच्या कामात आलं. आतड्यातला ताल राखणाऱ्या पेशींना काहाल पेशी म्हणतात, स्पेनच्या सान्तियागो रामोन इ काहाल यांच्या नावावरून. त्यांना १९०६ चं नोबेल मिळालं होतं. हे नाव मुलीच्या पुस्तकात होतं, तिनं लगेच ओळखलं. “आई, बघ ना, किती शिस्तीत चालतं सगळं,” असं ती म्हणाली. ज्या पोटाला मी इतकी वर्षं दूषणं दिली, त्याच्याबद्दल त्या रात्री मला पहिल्यांदा आदर वाटला.

आता मिरजेतल्या तपासणीविषयी, कारण घाबरतात ते इथंच.

सकाळी घरी छोटा एनिमा घ्यायचा, बाकी आतडं धुवायची गरज नाही. भूल नाही, सुई नाही. खोलीत एक पलंग, एक पंप, एक संगणक आणि तपासणी करणारी ती मुलगी. जयसिंगपूरकडची आहे, तिशीच्या आतली. पहिलं वाक्य तिनं असं म्हटलं, “मावशी, मी प्रत्येक वेळी आधी सांगणार आणि मगच करणार. नको वाटलं तर हात वर करा, मी थांबते.” आणि शेवटपर्यंत ती तसंच वागली. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी, वरून चादर. नळी साधारण चार-पाच मिलिमीटर जाड. तिच्यात बारीक वाहिन्या असतात, त्यांतून पंप थेंबथेंब पाणी सोडतो, आणि पाण्याला जिथं अडथळा होतो तिथला दाब कळतो. जेली भरपूर लावते. आत जाताना चमत्कारिक वाटतं, दुखत नाही. पहिली काही मिनिटं ती काहीच करायला सांगत नाही, स्नायूंना नळीची सवय होऊ देते. मोठ्या शहरांत याच कामाला पाण्याविना चालणाऱ्या सेन्सरच्या महाग नळ्या असतात म्हणे. माझ्या प्रश्नाचं उत्तर पाण्याच्या नळीनंही मिळालं.

मी सांगितलं म्हणून तिनं संगणकाचा पडदा माझ्या बाजूला वळवला. निळा म्हणजे कमी दाब, मग हिरवा, पिवळा आणि लाल म्हणजे जास्त. वरचा भाग गुदाशयाचा, तो निळा. खाली आडवा पिवळा पट्टा, तो दाराच्या स्नायूंचा. “आवळा,” म्हणाली की पट्टा लाल व्हायचा. मग जास्त वेळ आवळून धरायला लावलं. मग खोकायला. मग म्हणाली, “आता संडासला बसल्यावर करता तसा जोर.” वर निळ्यात हिरवं-पिवळं चढलं, म्हणजे पोटातून जोर येत होता. त्याच क्षणी खालचा पट्टा निळा पडायला हवा होता. तो लालभडक झाला. परत केलं, परत लाल. तिनं बोट ठेवून दाखवलं आणि म्हणाली, “मावशी, तुम्ही आतून गिऱ्हाईक बाहेर ढकलताय आणि त्याच वेळी शटर खाली ओढताय.” माझं काम काय ते तिनं आधी विचारून घेतलं होतं.

यानंतर तिनं जे सांगितलं त्यावरून मला या लोकांचा भरवसा वाटला. कुशीवर झोपून, परक्या खोलीत, नळी असताना बऱ्याच धडधाकट माणसांनाही नीट सैल सोडता येत नाही, त्यांचाही आलेख असाच येतो. म्हणून एकट्या आलेखावर निदान करायचं नसतं. जगभरातल्या तज्ज्ञांनी मिळून या तपासणीची जी पद्धत आणि वर्गवारी ठरवली, लंडन क्लासिफिकेशन म्हणतात ती, २०२० मध्ये छापून आली. तीतही आलेखाबरोबर फुग्याची चाचणी धरलेली आहे. फुग्यात ५० मिलिलीटर कोमट पाणी भरतात, आत ठेवतात आणि संडासात एकटीला पाठवतात. एखाद-दोन मिनिटांत तो बाहेर पडायला हवा. मी घामाघूम झाले, फुगा काही हलला नाही. शेवटी तिनंच पाणी काढून तो सोडवला.

मधे आणखी एक भाग होता. फुग्यात थोडी थोडी हवा भरत गेली आणि “काही कळलं की सांगा, संडासला लागल्यासारखं वाटलं की सांगा,” म्हणाली. मला बऱ्याच हवेनंतर जाणवलं. दुसरीकडं, हवा भरल्यावर दाराचा आतला स्नायू आपोआप सैल पडतो का हेही बघतात. तो माझा पडत होता. काही बाळांत जन्मतःच तिथल्या चेता-पेशी नसतात आणि ही प्रतिक्रिया येत नाही, त्या आजाराला हिर्शस्प्रुंग म्हणतात. माझ्यात तसं नव्हतं.

रिपोर्टवर आलं डिससिनर्जिक डेफिकेशन. पोट जोर लावतं तेव्हा ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडायच्या जागी आवळतात. हाडामांसात बिघाड नाही, शिकलेली सवय आहे, आणि शिकलेली असल्यामुळं बदलता येते. एवढं ऐकून मी आणि मुलगी दोघी रिक्षात रडलो. कितीतरी वर्षं मी माझ्या पोटाला आळशी समजून कडक औषधं पाजत होते, आणि औषध कितीही चांगलं असलं तरी ते मळ दारापर्यंतच आणणार.

बायोफीडबॅक त्याच खोलीत, त्याच मुलीकडं, आठवड्यातून एकदा. नळी आत असते, पण यावेळी कमोडच्या खुर्चीवर बसायचं आणि समोर आपलाच आलेख बघायचा. आधी श्वास. छाती वर न उचलता पोटात श्वास घ्यायचा, पोट पुढं आणि कंबर बाजूला रुंद होऊ द्यायची, घसा मोकळा ठेवायचा. श्वास कोंडून, दात आवळून कुंथलं की खालचा पट्टा लगेच लाल होतो, हे डोळ्यांनी दिसतं. त्या दिसण्यातच सगळं आहे. नुसतं ‘सैल सोडा’ असं कुणी शंभरदा सांगितलं असतं तरी मला कळलं नसतं, कारण सैल म्हणजे काय हे माझं शरीर विसरलं होतं. एकदा असंच बोलता बोलता श्वास सोडताना पट्टा पिवळ्याचा हिरवा झाला आणि मग निळसर. ती खुर्चीतून उठलीच, “तसंच मावशी! तसंच! आता हलवू नका!” मी काय केलं ते मला सांगता आलं नाही, पण शरीराला कळलं होतं. पुढच्या आठवड्यांत ते मुद्दाम करता यायला लागलं. मग फुग्यानं सराव, आणि हवा कमी कमी करत जाऊन हलकी कळसुद्धा ओळखायचा सराव.

घरी करायचं ते साधं आहे. कमोड असेल तर पायांखाली पाट, कोपरं गुडघ्यांवर, पुढं झुकून बसायचं. उकिडवं बसल्यासारखं केलं की गुदाशयाचा कोन सरळ होतो. खाल्ल्यानंतर बसायचं, फार वेळ बसून राहायचं नाही, आणि कळ आली की हातातली साडी खाली ठेवायची. आताच्या दुकानात मालकीणबाईंना मी हे सांगितलं, त्यांनी मान्य केलं.

डॉक्टरांनी एका अभ्यासाबद्दल सांगितलं होतं, मुलीनं तो काढून बघितला. इटलीत कियारिओनी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये माझ्याच प्रकारच्या रुग्णांचे दोन गट केले. एकाला बायोफीडबॅक दिलं, दुसऱ्याला पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे रोजचं रेचक. सहा महिन्यांनी बायोफीडबॅकच्या ५४ जणांत ४३ जणांना ठळक फरक होता, म्हणजे ८० टक्के. रेचकाच्या ५५ जणांत १२ जणांना. इतका फरक असताना ही सेवा मोजक्या ठिकाणी का मिळते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

माझं सांगायचं तर आता बोट वापरावं लागत नाही. सोनामुखी बंद आहे. इसबगोल चालू आहे आणि ते चालू राहील. शेवटच्या भेटीत फुगा मिनिटाच्या आत बाहेर पडला. लग्नसराईत अजून कधी कधी गाडी अडते, मग मी श्वासाचा सराव परत सुरू करते.

आता तक्रारी. बाहेर बसायची जागा एंडोस्कोपीवाल्यांबरोबर एकत्र आहे आणि काउंटरवरून मोठ्यानं आवाज येतो, “मॅनोमेट्रीवाल्या कोण?” चाळीस डोळे वळतात. नंबर देऊन बोलावता येत नाही का? फुग्याची चाचणी ज्या संडासात होते त्याची कडी नीट लागत नव्हती. जिथं माणसाला एकटं आणि निर्धास्त वाटायला हवं, जिथं स्नायू सैल सोडायला सांगतात, तिथली कडीच ढिली! हे मी डॉक्टरांच्या टेबलावर जाऊन सांगितलं. पुढच्या वेळी कडी नवी होती, नावाची हाक मात्र तशीच. कमोडपुढं पाय ठेवायला पाट नव्हता, तो आता आला आहे. रिपोर्ट पूर्ण इंग्रजीत मिळतो. मुलगी नसती तर मी काय वाचणार होते? एक पानभर मराठीत लिहून द्यायला त्यांना जड नाही. आणि ती जयसिंगपूरची मुलगी आठवड्यातले ठरावीक दिवसच असते, इतर दिवशी पुरुष तंत्रज्ञ. अपॉइंटमेंट देताना हे ते सांगत नाहीत. बायकांनी आधी विचारून घ्यावं.

फी तपासणीची साडेपाच हजार, बायोफीडबॅकची दर वेळची वेगळी. दुकानातल्या पगारात जड गेली, पण चूर्णं आणि औषधांवर जे गेलं त्याचा हिशेब मी लावला तर ही रक्कम छोटी आहे.

ही तपासणी सगळ्यांनी उठून करायची नाही. पाणी, भाजी, इसबगोल, वेळेवर बसणं, साधं रेचक हे नीट करून बघूनही अडत असेल तर. शौचातून रक्त जात असेल, वजन उतरत असेल, रक्त कमी झालं असेल, उतारवयात अचानक सवय बदलली असेल किंवा घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झालेला असेल, तर आधी कोलोनोस्कोपीच. तिथं चालढकल नको.

आणि ज्यांच्या कड्या पोटभर विखुरलेल्या निघतात त्यांचं उत्तर या नळीत मिळत नाही. माझ्या शेजारी बसलेली एक कॉलेजातली मुलगी तशी होती. तिला खरी गरज पूर्ण आतड्याच्या मॅनोमेट्रीची. त्यात जेवण देऊन बघतात आणि नळीतून बिसाकोडिल हे रेचक आत सोडून मोठी लाट उठते का ते तपासतात. उठली तर आतड्याच्या नसा-स्नायूंत जीव आहे, औषधांनी पुढं जाता येतं. कशानंच उठत नसेल तर मग शस्त्रक्रियेचा विचार. आतड्याचा तुकडा काढण्याआधी एवढं मोजलेलं असायलाच हवं. ही सोय इथं नाही, डॉक्टरांनी तिला स्पष्ट तसं सांगितलं आणि मोठ्या शहरातल्या केंद्रासाठी चिठ्ठी दिली. उगाच इथंच काहीबाही करत बसवलं नाही, हेही त्यांच्या बाजूनं नोंदवते.

तुम्ही कुठल्याही गावात ही तपासणी करणार असाल तर फोनवर तीन गोष्टी विचारा: फुग्याची चाचणी करतात का, बाई तंत्रज्ञ कोणत्या दिवशी असते, आणि बायोफीडबॅक तिथंच होतं का. तिसऱ्याला ‘नाही’ असं उत्तर आलं तर दुसरं केंद्र बघा, कारण रिपोर्ट हातात घेऊन परत चूर्णाच्या दुकानात जायचं असेल तर नळी घालून घेण्यात अर्थ नाही. जाताना सैल परकर आणि बदलायला एक जोड न्या, पाण्याची नळी असल्यामुळं थोडं भिजायला होतं.